इपॉक्सीचा सांधा चुकला: गरम करून सोडवायचा, कापायचा की घासायचा?

प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने टाचायचे, कोपऱ्यात घट्ट मिश्रणाचा गोलसर भराव द्यायचा आणि त्यावर काचकापडाची पट्टी चढवायची. होडी बांधायची ही पद्धत 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये 'मिरर' नावाच्या छोट्या शिडाच्या होडीमुळे हौशी लोकांच्या घरी पोचली. त्या होडीच्या सांध्यांत पॉलिएस्टर रेझिन होतं. आता बहुतेक जण इपॉक्सी वापरतात, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळल्यावर जमून कडक होणारा गोंद. ते लाकडाला कितीतरी जास्त धरून बसतं, त्यामुळे सांधा चुकीचा बसला तर तोही तितकाच धरून बसतो.

अशा वेळी बहुतेकांचा हात ग्राइंडरकडे जातो. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी उचलावा. आधी हीट गन, मग करवत आणि मग घासणं. छोट्या होडीला लागणाऱ्या 6 मिमी मरीन प्लायचा सगळ्यात वरचा विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, अनेकदा जेमतेम मिलिमीटरभर असतो. जमलेलं इपॉक्सी त्या लाकडापेक्षा कठीण असतं. ग्राइंडर टेकवला की तो आधी शेजारचं मऊ लाकूड खातो. इपॉक्सीचा उंचवटा जागेवर राहतो आणि त्याच्या दोन्ही कडांना खाच पडते. विनिअर एकदा गेला की परत आणता येत नाही.

पण ही तुलना जमलेल्या इपॉक्सीची आहे. ते पुरतं कडक झालेलं नसेल, नखाने दाबल्यावर ठसा उमटत असेल, तर यातलं काहीच नको. धारदार पटाशीने किंवा सुरीने ते वडी कापावी तसं कापलं जातं. काचकापडाची बाहेर आलेली कड छाटायलाही हीच वेळ सगळ्यात चांगली.

दुसऱ्या दिवशीही पृष्ठभाग चिकट लागला तर घाबरून खरवडायला घेऊ नका, आधी साध्या पाण्याने धुऊन बघा. दमट हवेत, कोकणात पावसाळ्यात तर हमखास, काही हार्डनरमुळे वर मेणचट थर येतो. तो पाण्यात विरघळतो. भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने घासलं की निघतो आणि खाली चांगलं कडक इपॉक्सी सापडतं. न धुता पॉलिश पेपर मारला, तर कागद भरतो आणि मेण सगळीकडे पसरतं.

धुऊनही चिकट असेल तर तो चिकटपणा कसा आहे ते पाहा. सगळीकडे सारखाच मऊपणा असेल आणि गारठा असेल, तर दिवा लावून ऊब द्या आणि एक दिवस थांबा. कुठे कडक, कुठे चिकट असे चट्टे असतील, तर मिश्रण नीट ढवळलं गेलेलं नाही. डब्याच्या कडेला लागलेलं रेझिन तसंच राहिलं की हे होतं. ते चट्टे कितीही थांबलात तरी जमणार नाहीत. वरून हार्डनर ओतून किंवा नवा थर देऊन झाकायचा मोह इथे होतो, त्याला बळी पडू नका. सगळं खरवडून काढा, अॅसिटोनने पुसा आणि नव्याने लावा. फायबरच्या कामाची सवय असलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पॉलिएस्टरमध्ये कॅटॅलिस्ट (ते जमवणारं रसायन) थोडा कमीजास्त करून जमण्याचा वेग बदलता येतो. इपॉक्सीत तसं चालत नाही. प्रमाण 2:1 असो की 5:1, डब्यावर आहे तेच घ्यायचं, आणि ते मापाने की वजनाने, हेही वाचायचं.

आता मूळ निवड. आडवी फळी वाकडी चिकटली, काचकापडाची पट्टी सुरकुतली किंवा कोपऱ्यातला भराव भलत्या जागी गेला, तर हीट गन. खोलीच्या तापमानाला जमलेलं साधं इपॉक्सी 50–60 अंशांच्या पुढे नरम पडायला लागतं. सुटायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते, पण लाकूड जळण्याच्या बरंच आधी ते सुटतं. गन सतत हलती ठेवा. एका वेळी वीतभर जागाच तापवा. एक कोपरा पुट्टी ब्लेडने उचला, पक्कडीत धरा आणि पट्टी वर न उचलता पृष्ठभागालगत मागे ओढा. बरोबर तापलं असेल तर ती सलग निघते. तडतड आवाज करत लाकडाचे तंतू घेऊन येत असेल, तर अजून तापवायला हवं. धूर किंवा तपकिरी रंग दिसला की लगेच थांबा. दारं-खिडक्या उघड्या हव्यात आणि तोंडाला वाफा अडवणारा मास्क हवा. शेजारच्या चांगल्या सांध्यावर ओलं फडकं टाकायला विसरू नका. अडकलेली तांब्याची तार याच तत्त्वाने निघते: टोकाला सोल्डरिंग आयर्न धरा, तार तापली की ओढा.

हीट गन हरते ती रुंद जोडात. दोन फळ्या पाठीला पाठ लावून चिकटवल्या असतील, तर लाकूडच उष्णता अडवतं आणि आतपर्यंत पोचेस्तोवर वरचा विनिअर करपतो. तिथे करवत घ्या. प्लायची लांबी वाढवायला दिलेला तिरका जोड उघडला असेल, तरी तो कापून टाकून नवा द्यावा. 1:8 च्या उताराने 6 मिमी प्लायला 48 मिमी लांब उतार लागतो, म्हणजे जुना भाग कापून नवा उतार काढताना पॅनेल दहा-बारा सेंटिमीटर आखूड होईल, तेवढी लांबी हिशोबात धरा. यात प्लाय जातो आणि नवा जोड जमेपर्यंत काम थांबतं. तरीही पाण्याखाली राहणाऱ्या तळात शंकास्पद जोड ठेवण्यापेक्षा मी हाच खर्च करेन.

घासणं ओघळ, खरखरीत भराव आणि पट्टीच्या कडांपुरतं. तिथेही आधी धारदार पत्र्याचा स्क्रॅपर, मग 80 नंबरचा कागद लाकडी ठोकळ्यावर लावून. स्क्रॅपरने धूळ न होता कीस पडतो, आणि हा फायदा मोठा आहे. पुरतं न मुरलेल्या इपॉक्सीच्या धुळीने त्वचेची अॅलर्जी होऊ शकते आणि ती एकदा झाली की सहसा आयुष्यभर सुटत नाही. आठवडाभर मुरू द्या, मगच यंत्राने घासा. खोलगट जागा मायक्रोबलून (बारीक पोकळ गोळ्यांची हलकी भुकटी) घातलेल्या पुट्टीने भरता येतात, पण फक्त आकार गुळगुळीत करायला. जिथे ताण येतो त्या सांध्यात सिलिका किंवा लाकडाची बारीक भुकटी घातलेलं मिश्रणच हवं.

काचकापडाखाली पांढरट डाग दिसला तर तिथे हवा अडकली आहे. नखाएवढा असेल तर दोन बारीक भोकं पाडा आणि एकातून सिरिंजने इपॉक्सी भरा, दुसऱ्यातून हवा निघते. तळहाताएवढा असेल तर कापून काढा, कडा उतरत्या घासा आणि चारही बाजूंना 5 सेंमी जास्त येईल असा तुकडा चढवा.

राहिला होडीचा पीळ. पुढे नाळेपाशी एक आणि मागे एक अशा दोन सरळ पट्ट्या काठांवर आडव्या ठेवा आणि मागून एका डोळ्याने बघा. दोन्ही समांतर दिसल्या नाहीत तर होडी पिळलेली आहे. नुसत्या तारा असतील तर त्या ढिल्या करायला काही मिनिटं पुरतात. कोपऱ्यांत भरावाचे तुटक ठिपके दिले असतील तर हेक्सा ब्लेडने ते कापा, सरळ करा आणि पुन्हा ठिपके द्या. आत-बाहेर दोन्हीकडून पट्टी चढली असेल, तर थोड्या पिळासाठी सांधे उघडू नका. ती होडी वल्ह्याखाली किंचित एका अंगाला ओढेल, पण तिचे सांधे शाबूत राहतील.