घराच्या गमतीच्या नावाला कुठली पाटी? पितळ, दगड, स्टील, लाकूड, अ‍ॅक्रिलिक आणि एलईडीचं परीक्षण

‘हप्ते चालू आहेत’ हे नाव काळ्या ग्रॅनाइटमध्ये कोरून घेऊ नये. नाव छान आहे, दगडही छान आहे, पण दोघांचं आयुष्य जुळत नाही. हप्ते एक दिवस फिटतील, आणि तो दगड उतरवताना भिंतीचं प्लास्टरही सोबत निघेल. पाटी निवडताना लोक चकाकी बघतात, रंग बघतात, दुसऱ्यांच्या दारावर काय आहे ते बघतात. गमतीच्या नावासाठी आधी दोनच गोष्टी बघायला हव्यात: ती गंमत किती वर्षं खरी राहणार, आणि त्या नावातली अक्षरं कशी आहेत. बाजारातले पाट्यांचे मुख्य प्रकार इथे याच दोन कसोट्यांवर तपासले आहेत.

अशी नावं ढोबळमानाने तीन तऱ्हांची असतात. एकाच शब्दात काम करणारी: ‘उगाच’, ‘आलोच’, ‘पोहोचलो’, ‘बिनघोर’. ब्रिटनमध्ये गाजलेलं ‘डनरोमिन’ याच जातीचं. भटकून झालं, आता इथेच, असं सांगणारं. दुसरी तऱ्हा अख्ख्या वाक्याची: ‘नाव अजून सुचलेलं नाही’, ‘चावी तुझ्याकडे होती ना’. तिसरी तऱ्हा आजच्या परिस्थितीवर उभी असते: ‘रंगकाम बाकी’, ‘हप्ते चालू आहेत’. एकशब्दी नावाला मोठं अक्षर लागतं, वाक्याला नेमक्या जागी तुटणारी ओळ लागते, आणि तिसऱ्या तऱ्हेला सहज बदलता येणारी पाटी लागते. एकच पाटी या तिघांना पुरत नाही.

आकाराचा हिशेब सोपा आहे. वाचणारा जितके मीटर दूर उभा असेल त्याच्या आठपट मिलिमीटर उंचीचं अक्षर सहज वाचता येतं: ५ मीटरवरून ४० मिलिमीटर, १० मीटरवरून ८०. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची मोजायची. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांची जागा वेगळी. ओळीची पूर्ण उंची अक्षराच्या जवळपास दुप्पट होते. म्हणजे ४० मिलिमीटर अक्षराच्या दोन ओळींना कडेची मोकळी जागा धरून किमान २४० मिलिमीटर उंचीची पाटी हवी. इथेच सगळ्यात जास्त पाट्या बिघडतात. पाटी लहान ठरते, मग कारागीर ओळी जवळ आणतो, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो, आणि वाक्य हसण्याआधी उलगडत बसावं लागतं.

पितळ भारदस्त दिसतं, आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलेली गंमत त्यावर खुलते. ‘उगाच’ हे नाव जाड पितळेवर खोल कोरलं की त्याला जो ठसका येतो तो प्लास्टिकवर येत नाही. मात्र खोदाई अर्ध्या मिलिमीटरपेक्षा उथळ असेल तर आतला काळा रंग धरत नाही. दर वेळी पॉलिश घासताना रंगही थोडा निघतो आणि अक्षरांच्या कडाही बोथट होतात. लॅकर, म्हणजे पारदर्शक संरक्षक लेप, मारलेलं पितळ काही काळ चमकतं. लॅकरवर एक ओरखडा पडला की त्यातून ओल शिरते आणि काळ्या रेषा आतल्या आत पसरत जातात. मग सगळं लॅकर उतरवून नव्याने मारण्याशिवाय उपाय नसतो. पॉलिश न केलेलं पितळ काळवंडतं आणि काळं अक्षर त्यात बुडतं. नियमित घासायची तयारी असेल तरच पितळ घ्यावं, आणि घासायचं म्हटलं की खोदाई किमान एक मिलिमीटर मागावी.

स्टेनलेस स्टीलमधून कापलेली सुटी अक्षरं एकशब्दी नावांना सगळ्यात जास्त शोभतात. देवनागरीला इथे मोठा फायदा आहे: शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो आणि भिंतीवर सरळ बसतो. अडचण सुट्या ठिपक्यांची. अनुस्वार वेगळा तुकडा असतो, त्याला स्वतःची पिन लागते, आणि बरेच जण तो नुसता चिकटवतात. तो पडला की ‘निवांत’चं ‘निवात’ होतं. ऑर्डर देतानाच प्रत्येक ठिपक्यामागे पिन वेल्ड करून मागावी. याउलट पत्र्यातून अक्षरं आरपार कापून मागे प्रकाश सोडायचा असेल, तर ‘व’, ‘ब’, ‘म’ यांच्या पोटातला तुकडा सुटून पडतो. तो धरून ठेवायला पातळ पूल ठेवावे लागतात. हे पूल कुठे येणार ते आधी कागदावर बघावं. ‘व’च्या पोटात आडवा पूल आला तर त्याचा ‘ब’ वाटायला वेळ लागत नाही.

स्टीलचा दर्जा तोंडी विचारून भागत नाही, बिलावर लिहून घ्यावा. ३०४ या दर्जात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून खारट हवेत तेच टिकतं. समुद्राजवळ ३०४ वर तपकिरी डाग येतात. स्वस्त २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त, त्यामुळे ते लवकर डागळतं. लोहचुंबक लावून बघण्याचा सल्ला इथे पुरेसा नाही, कारण २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही.

ग्रॅनाइट टिकण्यात सगळ्यांच्या पुढे आहे. पॉलिश केलेल्या काळ्या दगडात कोरलेला भाग मुळातच करडा दिसतो, म्हणून रंग न भरताही अक्षर वाचता येतं, आणि हीच त्याची खरी खुबी. त्यात सोनेरी रंग भरून घेतला की तोच आधी उडतो. रंगाशिवाय, दोन ते तीन मिलिमीटर खोल इंग्रजी व्हीच्या आकाराची खोदाई घ्यावी. रेषेची जाडी ४ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ‘क्ष’, ‘ष्ट’ यांसारख्या दाट जोडाक्षरांत दगडाचे कपचे उडतात. ६०० बाय ३०० मिलिमीटरचा, २० मिलिमीटर जाडीचा दगड जवळपास १० किलो भरतो. त्याला डबल टेप कधीही पुरेशी नाही. मागे पिना किंवा खाली ब्रॅकेट हवेच. संगमरवर घेतला तर त्यावर अ‍ॅसिड, व्हिनेगर किंवा लिंबू लावू नये, दगड खाल्ला जातो. ‘पोहोचलो’सारखं नाव, जे पुढेही खरंच राहणार, त्याला ग्रॅनाइट द्यावं.

लाकडी पाटीबद्दल थोडक्यात. कोरीव अक्षर घ्यावं, उठावाचं नको. फळीच्या शिरा आडव्या असतात, उभा काना त्या शिरांना छेदून जातो आणि उठावात तोच आधी तुटतो. पुढच्या बाजूला जितके थर तेल किंवा पॉलिश, तितकेच मागेही द्यावेत, नाहीतर फळी वाकते.

अ‍ॅक्रिलिकला कमी लेखलं जातं, आणि ते अन्यायाचं आहे. परिस्थितीवर बेतलेल्या नावांसाठी तीच पहिली निवड असायला हवी. चार स्टँडऑफवर (पाटी भिंतीपासून थोडी पुढे धरणाऱ्या, स्क्रूने कसायच्या खुंट्यांवर) बसवलेली ५ मिलिमीटरची शीट काढून दुसरी लावणं पाच-दहा मिनिटांचं काम आहे. ‘हप्ते चालू आहेत’ उतरवून त्याच भोकांवर ‘हप्ते फिटले’ चढवता येतं. शीट कास्ट प्रकारची, म्हणजे साच्यात ओतून केलेली, मागावी. लेझरने कोरल्यावर तिच्यावर अक्षर स्वच्छ पांढरं उमटतं, एक्स्ट्रुडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेल्या, शीटवर ते वितळल्यासारखं पुसट येतं. छपाई मागच्या बाजूने घ्यावी, म्हणजे पाऊस आणि हात रंगापर्यंत पोहोचत नाहीत. फाइल सरळच पाठवावी, उलटवायचं काम छापणाऱ्याचं. दोघांनीही उलटवली की नाव आरशातलं येतं. उन्हात अ‍ॅक्रिलिक बरंच प्रसरण पावतं: ६०० मिलिमीटर लांबीची शीट ३० अंशांच्या फरकाला सव्वा मिलिमीटरपर्यंत वाढते. म्हणून भोक स्क्रूपेक्षा २ मिलिमीटर मोठं हवं, नाहीतर तडा नेमका भोकापासून सुरू होतो. पुसायला फक्त साबणाचं पाणी. अमोनियावाला काच-क्लीनर, स्पिरिट किंवा थिनर लागला की आत बारीक भेगांचं जाळं पसरतं.

चिनी मातीच्या टाइलवर दोन तऱ्हांची छपाई मिळते, आणि दुकानात दोन्ही सारख्याच दिसतात. भट्टीत पुन्हा भाजलेले रंग उन्हात उडत नाहीत. वरच्या लेपावर सब्लिमेशनने, म्हणजे कागदावरची शाई उष्णतेने उतरवून, छापलेले उडतात. ‘रंग भाजून पक्का केलाय का?’ हा एकच प्रश्न विचारावा, आणि उत्तर नाही असेल तर ती टाइल घराच्या आत लावावी.

एलईडी पाट्यांवर सगळ्यात जास्त खर्च होतो आणि गमतीच्या नावांना सगळ्यात जास्त धोकाही त्यांच्यातच आहे. १२ व्होल्टच्या नेहमीच्या पट्टीत तीन-तीन दिव्यांचे गट असतात. एक दिवा गेला की तेवढा गट विझतो, आणि जोडणी सुटली की तिच्यापुढचा नावाचा सगळा भाग. ‘बिनघोर’मधलं ‘बिन’ विझलं की दारावर रात्रभर ‘घोर’ झळकतो. पट्टीला दोन्ही टोकांनी वीज दिली तर एक जोड सुटल्याने शब्द अर्धा होत नाही. लहान अनुस्वारात दिवाच मावत नाही, म्हणून दिवसा दिसणारा ठिपका रात्री गायब असतो. अशा नावाला अक्षराच्या आतल्या दिव्यापेक्षा मागून भिंतीवर पडणारा उजेड बरा. त्यासाठी अक्षर भिंतीपासून १५ ते २५ मिलिमीटर पुढे ठेवावं. पट्टी आयपी ६५ ची (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षणाच्या दर्जाची) असली तरी कापलेलं टोक आणि जोड उघडेच राहिले तर पाणी तिथूनच शिरतं. अ‍ॅडॉप्टर घराच्या आत ठेवावा, सगळ्यात आधी तोच जातो.

पाटी कुठलीही असो, अक्षरांची फाइल चुकली तर सगळं वाया. वरच्या मजल्यावरच्या घराला ‘वाऱ्यावर’ हे फार सुरेख नाव आहे, आणि तेच सगळ्यात जास्त वेळा चुकून येतं: फाइल एका फाँटमधून दुसऱ्यात गेली की आडवा र जाऊन रफार बसतो आणि ‘वार्यावर’ कोरलं जातं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मजकूर चिकटवला तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षर फुटून हलन्त दिसतो. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का तेही बघावं. अनेक फाँट आपणहून हिंदी वळणाचे देतात. अक्षरं तपासून झाली की फाइल कर्व्ह करून घ्यावी, म्हणजे अक्षरांचं रूपांतर नुसत्या आकारांत करावं, म्हणजे कटिंगच्या संगणकावर फाँट नसला तरी आकार बदलत नाही.

विरामचिन्हांनाही तितकंच जपावं. जर्मनीत पॉट्सडॅमला फ्रेडरिक द ग्रेटने १७४५ ते १७४७ दरम्यान बांधलेल्या राजवाड्याचं नाव ‘साँ सूसी’, म्हणजे काळजीविना. दर्शनी भागावर ते दोन शब्दांमध्ये स्वल्पविराम आणि शेवटी पूर्णविराम देऊन कोरलेलं आहे, आणि त्या स्वल्पविरामाचा अर्थ लावण्याचे प्रयत्न आजही चालू आहेत. ‘चावी तुझ्याकडे होती ना’ यातही प्रश्नचिन्ह दिलं तर तक्रार होते, न दिलं तर हताश पुटपुटणं. कुठलं हवं ते ठरवूनच कोरावं. ओळ ‘चावी’नंतर तोडली तर वाचणारा क्षणभर थांबतो आणि पुढची ओळ नेमकी लागते.

एक ठाम मत: घर क्रमांकात गंमत करू नये. तो वेगळ्या, साध्या पाटीवर, नावापेक्षा मोठ्या अक्षरात असावा. ‘शेजारचं घर’ किंवा ‘हे नव्हे’ अशी नावं ऐकायला मजेची असली तरी रात्री रुग्णवाहिका शोधत आली तर तिची वाट चुकवतात. ती दारावर नकोतच.

कटिंगला देण्याआधी पाटी पूर्ण मापात कागदावर छापून जागेवर चिकटवावी आणि नाव माहीत नसलेल्या कुणाला तरी रस्त्यावरून मोठ्याने वाचायला सांगावं. तो चुकीच्या जागी थांबला तर ओळ बदलावी, अडखळला तर फाँट. बसवताना सिलिकॉन वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांनाच लावावं, खालची कड मोकळी ठेवावी. मागे शिरलेलं पाणी तिथूनच निघून जातं.