इलेक्ट्रॉन अफिनिटीचा भिंतीवरचा तक्ता: आकडे चोख, बाण चुकीचे

प्रत्येक चौकटीत इलेक्ट्रॉन अफिनिटी, म्हणजे अणूने एक इलेक्ट्रॉन घेतल्यावर सुटणारी ऊर्जा, आणि तिच्या प्रमाणात गडद होत जाणारा रंग, अशी या आवर्तसारणीची मांडणी. आकड्यांत खोट नाही: क्लोरीन 349, फ्लुओरीन 328, ब्रोमीन 325, आयोडीन 295 किलोज्यूल प्रति मोल. सोन्याची चौकट 223 वर चांगली गडद दिसते, हे विशेष. एरवी असे तक्ते संक्रमण धातूंकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

घोळ बाणांचा आहे. डावीकडून उजवीकडे एक, खालून वर एक, आणि दोन्हींवर “वाढते”. आडवा बाण ढोबळमानाने चालेल: कार्बन 122, ऑक्सिजन 141, फ्लुओरीन 328. पण मध्येच नायट्रोजन शून्याच्या आसपास घसरतो. त्याच्या 2पी उपकवचातल्या तिन्ही ऑर्बिटलांत (इलेक्ट्रॉनांच्या जागांत) एकेक इलेक्ट्रॉन असतो. नवा आला की त्याला जोडीने राहावे लागते आणि प्रतिकर्षण वाढते. बेरिलिअम, मॅग्नेशिअमची एस ऑर्बिटल भरलेली, म्हणून नवा इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जेच्या पीमध्ये जाणार. तो टिकत नाही.

उभा बाण पहिल्या गणात ठीक: लिथिअम 60, सोडिअम 53, पोटॅशिअम 48. उजवीकडे मात्र तो दुसऱ्या आवर्तापाशी उलटतो. गंधक 200, ऑक्सिजन 141; क्लोरीन फ्लुओरीनच्या पुढे. दुसऱ्या आवर्तातले अणू इतके लहान, की आधीच्या इलेक्ट्रॉनांची दाटी नव्याला ढकलते. परीक्षेत हमखास विचारला जाणारा नेमका हाच मुद्दा बाणाखाली झाकला गेला आहे.

तळटीप त्याहून वाईट: “अफिनिटी जास्त तो ऑक्सिडक प्रबळ.” (ऑक्सिडक म्हणजे दुसऱ्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेणारा.) मग क्लोरीन फ्लुओरीनहून प्रबळ ठरायला हवा! प्रत्यक्षात फ्लुओरीनच्या रेणूतला बंध कमकुवत असतो आणि छोट्या फ्लुओराइड आयनाच्या जलयोजनात, म्हणजे पाण्याच्या रेणूंनी त्याला वेढण्यात, भरपूर ऊर्जा सुटते, म्हणून पाण्यातल्या द्रावणात तोच वरचढ.

चिन्हाचा संकेतही छापलेला नाही. इथे धन म्हणजे सुटलेली ऊर्जा. इलेक्ट्रॉन गेन एन्थॅल्पी (हीच ऊर्जा, पण सुटली तर उणे धरलेली) वापरणाऱ्या पुस्तकात क्लोरीनपुढे उणे 349 दिसेल. निष्क्रिय वायूंना शून्य दिले आहे, तिथे रेघ हवी होती, कारण शून्य हे मोजलेले मूल्य वाटते. शिवाय सगळे आकडे पहिल्याच इलेक्ट्रॉनाचे आहेत. ऑक्सिजनला दुसरा द्यायचा तर 700 किलोज्यूलहून जास्त ऊर्जा बाहेरून पुरवावी लागते.

शिकवणाऱ्याने बाण आणि तळटीप कागदाने झाकून जरूर लावावा. एकट्याने अभ्यास करणाऱ्याने मूल्यांचा साधा, बाण नसलेला तक्ता घ्यावा.