घरी वाईन बनवायचं एक गॅलनचं किट: घ्या, पण सायफन वेगळा घ्या

आमच्याकडे न्यू जर्सीत सप्टेंबरमध्ये कॉनकॉर्ड द्राक्षं मस्त मिळतात म्हणून हे किट ऑनलाइन मागवलं. त्यात काचेची बरणी, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारं पण बाहेरची हवा आत न येऊ देणारं झाकण), हायड्रोमीटर (रसाची घनता मोजून साखर किती उरली याचा अंदाज देणारी काचेची नळी), सायफनची नळी (वाईन एका भांड्यातून दुसऱ्यात ओढून घ्यायला) आणि लाल्विन ईसी-१११८ यीस्टचं, म्हणजे साखरेचं अल्कोहोल करणाऱ्या खमिराचं, ५ ग्रॅमचं पाकीट. यीस्ट एकदम दमदार, बादलीत कुस्करलेल्या द्राक्षांत टाकलं की दुसऱ्या दिवशीच सालांचा जाड थर वर येतो, तो दिवसातून दोनदा चमच्याने खाली दाबायचा, वास तर असला भारी की घरातलं प्रत्येक जण बादलीत डोकावून जातं.

बादलीत साधारण ५-७ दिवस, मग गाळून बरणीत आणि वर एअरलॉक. इथेच बरेच जण घाई करतात, बुडबुडे थांबले म्हणजे झालं असं नाही हो, हायड्रोमीटरचं रीडिंग १.००० च्या (म्हणजे पाण्याच्या घनतेच्या) खाली जाऊन काही दिवस तिथेच राहिलं पाहिजे, नाहीतर उरलेल्या साखरेमुळे बाटलीत परत फसफसतं आणि बाटली फुटूही शकते. या एका हायड्रोमीटरमध्ये किटचे पैसे वसूल.

सायफन मात्र फालतू. नळी आखूड आहे, तळाचा गाळ सगळा वर ओढते, आणि गाळ मागे ठेवून वाईन दुसऱ्या बरणीत घेणं हेच तर मेन काम! बरं ती दुसरी बरणी पण किटमध्ये नाही.

पुस्तिकेत महिन्याभरात प्या म्हणून लिहिलंय, अजिबात ऐकू नका. तेव्हा नुसती आंबट आणि कच्ची लागते. बरणी गळ्यापर्यंत भरून अंधाऱ्या, थंड जागी निदान सहा महिने ठेवा, मग बघा. चार स्टार.