परड्यातली मीटरगेज: घरी बांधलेले तीन डबे, दहा महिन्यांनंतर

परड्यात माझी छोटी, मापात केलेली रेल्वे आहे. तिचा पहिला डबा दसऱ्याला रुळावर ठेवला, आता निम्मा श्रावण सरलाय. मध्ये एक उन्हाळा, दोन-तीन वळीव आणि आपला कोल्हापुरी पाऊस, सगळं या डब्यांनी अंगावर घेतलं. म्हणून आता लिहायला बसलोय. नवा डबा टेबलावर सगळ्यांचाच देखणा दिसतो, त्यावर काय लिहायचं?

माझ्या परड्यात दोन रुळांतलं अंतर आहे 45 मिलिमीटर. जर्मनीच्या एलजीबी या मॉडेल रेल्वेच्या ब्रँडनं 1968 पासून बागेतल्या गाड्यांसाठी हेच अंतर धरलं आणि प्रमाण ठेवलं 1:22.5. खऱ्या मीटरगेजच्या दोन रुळांत एक मीटर असतं. त्याला साडेबाविसानं भागा, जवळजवळ साडेचव्वेचाळीस मिलिमीटर येतात. म्हणजे हा रूळ मुळात मीटरगेजचाच. आणि मीटरगेज म्हटल्यावर आमच्या घरात दुसरी कुठली गाडी आठवणार? 1891 साली कोल्हापूरला पहिली गाडी आली ती मिरजेहून, मीटरगेजवरनं. ब्रॉडगेज व्हायच्या आधी आजी याच गाडीनं माहेरी मिरजेला जायची. त्यामुळं परीक्षक घरातच होता.

आधी एक जुना, दोन आसांचा जर्मन डबा विकत घेतला होता. तो रंगवून विटकरी केला, पाट्या बदलल्या. पळायला एक नंबर, पण आजीनं बघितलं आणि म्हणाली, "खिडकीला गज न्हाईत. ह्यो कुणाचा डबा आणलास?" तिथंच ठरलं, डबे आपले आपण बांधायचे.

पहिली अडचण लांबीची. आपल्याकडचा मीटरगेजचा बोगीवाला डबा सुमारे साडेएकोणीस मीटर लांब. (बोगी म्हणजे इथं अख्खा डबा नव्हे, डब्याच्या टोकाखालचा चाकांचा फिरता गाडा.) या प्रमाणात तो साडेआठशे मिलिमीटरच्या पुढं जातो. एवढा डबा वळणावर नेला की मधला भाग वळणाच्या आतल्या बाजूला रुळाबाहेर येतो. किती येतो याचा हिशेब सोपा आहे: दोन बोग्यांच्या मध्यांमधलं अंतर घ्या, त्याचा वर्ग करा आणि वळणाच्या त्रिज्येच्या आठपटीनं भागा. बोग्यांत 400 मिलिमीटर आणि त्रिज्या 600 असेल तर 33 मिलिमीटर. त्रिज्या 1200 केली की तेच निम्म्यावर येतं. हे गणित मी नंतर शिकलो. आधी तुळशी वृंदावनाला वळसा घालणारं 600 चं वळण टाकलं होतं, आणि पहिल्याच फेरीत डब्याच्या कुशीनं वृंदावनाचा कोपरा खरवडला. डब्याचं काही नाही, आईनं दोन दिवस ऐकवलं.

शेवटी वळणं 1200 ची केली आणि डबा 620 वर आणला. यात मला जमलेली एकच गोष्ट छाती पुढं काढून सांगतो. डबा आखूड करताना खिडकी आखूड करायची नाही. खिडकी, दार, छताची गोलाई, रुंदी हे सगळं मापात ठेवायचं आणि मधले दोन खण सरळ गाळायचे. दहा महिन्यांत डबा बुटका आहे असं एकानंही म्हटलं नाही. त्याउलट दुसऱ्या डब्यात सगळे खण बसवायचे म्हणून मी खिडक्या अरुंद केल्या. तो अजूनही टीव्हीवरचं चित्र कडेनं दाबल्यासारखा दिसतो. त्याला मी गाडीत शेवटी लावतो.

अंगासाठी 3 मिलिमीटरचा सनबोर्ड वापरला. खिडक्या लेझरवर कापून घ्यायच्या म्हणून गेलो तर लेझरवाल्यानं शीट हातात घेऊन परत दिली. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी. लेझरनं जाळलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो, माणसाची छाती आणि मशीन दोन्ही खातो. बरं झालं त्यानं सांगितलं. मग देव्हाऱ्याच्या जाळ्या कापणाऱ्याच्या सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कोरायच्या मशीनवर, काम झालं. एमडीएफचा, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचा, विचारही करू नका. मी एक शेवटची भिंत एमडीएफची लावली होती, ती जूनमध्ये पुरीसारखी फुगली.

खालची फ्रेम स्लायडिंग खिडक्यांच्या दुकानात उरलेल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यांची. आणि इथं माझी सगळ्यात मोठी चूक. सनबोर्ड थेट ॲल्युमिनियमला अराल्डाइटनं चिकटवला. पीव्हीसी तापल्यावर ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट वाढतं. एप्रिलच्या दुपारी डबा उन्हात राहिला, संध्याकाळी बघतो तर एक कुस केळ्यासारखी वाकलेली. आता अंग फक्त मधोमध पक्कं आहे. दोन्ही टोकांना स्क्रूची भोकं लांबट ठेवलीत, जे वाढायचं ते वाढू दे. छत तर लोहचुंबकांवरच बसवलंय, ते पांढऱ्याकडं झुकणाऱ्या राखाडी रंगाचं आहे. काळं छत दिसतं झकास, पण ऊन पितं.

त्याच उन्हात बोगीच्या बाजूच्या प्लेटाही गेल्या. थ्रीडी प्रिंट केलेल्या, पीएलएच्या. हे प्लास्टिक साठ अंशाच्या आसपासच मऊ पडतं, आणि उन्हात ठेवलेल्या गडद रंगाच्या वस्तूला तिथं पोहोचायला काही लागत नाही. पुन्हा पीईटीजी या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकमध्ये काढून घेतल्या, अजून शाबूत आहेत.

चाकांसाठी कोल्हापुरातलं कारखान्यांचं उद्यमनगर गाठलं. पहिल्या दोन डब्यांची 32 मिलिमीटरची सोळा चाकं म्हटल्यावर लेथवाला हसला. "भावा, पंपाचं शाफ्ट असतं तर लगेच केलं असतं. हे खेळण्यातलं काम लय किचकट." पण जर्मन डब्याचं चाक नमुन्याला दिलं आणि त्यानं चाकाचा उतार, कडेची गोलाई, सगळं हुबेहूब काढलं. चूक माझी झाली. आसावर चाकं बसवताना दोन चाकांच्या आतल्या अंगातलं अंतर मी रूळ बघून डोळ्यानं धरलं, ते साडेएकेचाळीस भरलं. सरळ रुळावर काही कळलं नाही, पण प्रत्येक सांध्यावर, म्हणजे गाडी एका रुळावरनं दुसऱ्यावर जाते तिथं, डबा उडी मारून खाली. पाहिजे होतं 40. बारीक माप घ्यायचा व्हर्नियर खिशात असताना डोळ्यावर भरवसा का ठेवला, कुणास ठाऊक.

दुसरा घोळ दिवाळीत. माझं इंजिन बॅटरीवर चालतं, रुळात वीज नाही, म्हणून आस आणि चाकं सगळी धातूची ठेवली होती. एक मित्र त्याचं रुळावरच्या विजेचं इंजिन घेऊन आला. माझे डबे जोडले आणि सगळं बंद. आठ आसांनी दोन्ही रूळ शॉर्ट केले होते! त्यानंतर प्रत्येक आसावर एका चाकात नायलॉनचं बुश, म्हणजे वीज अडवणारी पुंगळी, बसवून घेतलं. बांधतानाच हे केलं असतं तर लेथवाल्याकडचा दुसरा हेलपाटा आणि त्याचा तो चेहरा वाचला असता.

घसरण मात्र खरी थांबली ती वेगळ्याच गोष्टीनं. परड्यातला रूळ कधीच सपाट राहत नाही. पाऊस पडला, माती बसली, एक बाजू खाली गेली. दोन्ही बोग्या घट्ट असल्या तर डबा चार पायांच्या हलत्या स्टुलासारखा होतो आणि एक चाक हवेत राहतं. उपाय असा: एका बोगीला फक्त पुढंमागं डोलू द्यायचं, आजूबाजूला नाही. दुसरीला सगळीकडं मोकळी सोडायची. म्हणजे डबा तीन टेकूंवर उभा राहतो आणि तिपाई कधी डगमगत नाही. सोबत वजनही वाढवलं. टायरवाल्याकडं व्हील बॅलन्सिंगचे चिकटवायचे तुकडे मिळतात, ते फ्रेमच्या पोटात लावले. डबा आता एक किलो चारशे ग्रॅमचा आहे. जूनपासून मोजून दोनदा घसरला, त्यात एकदा रुळावर गोगलगाय होती.

आणि गज. या मापात गज अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास यायला हवा. लोखंडी तार आठवड्यात गंजली, नायलॉनचा दोरा उन्हात सैल पडला. मग मिरजेला गेलो असताना तंबोऱ्याची खर्जाची पितळी तार दिसली. जाडी बरोबर, गंजायचा प्रश्न नाही आणि ताणून बसवली की एकदम सरळ. एका खिडकीला चार, एका डब्याला छप्पन्न तारा. बोटांची वाट लागली. पण संध्याकाळी आतले पिवळे दिवे लावले की गजांच्या सावल्या बाकड्यांवर पडतात, आणि त्या एका गोष्टीसाठी मी पुन्हा छप्पन्न तारा ओवीन. दिवे एलईडी पट्टीचे. छतात रीड स्विच आहे, वरून लोहचुंबक फिरवला की लागतात. पट्टीच्या उघड्या टोकांना लाखेचा हात दिला नाही तर पावसाळ्यात हिरवी पडतात.

अक्षरं रेडियमवाल्याकडून कापून घेतली. तिसऱ्या वर्गाच्या तीन उभ्या रेघा (रोमन तीनचा आकडा) त्यानं आधी चुकीचा माल समजून फेकून दिल्या होत्या.

खर्च एका डब्याला साधारण साडेचार हजार, माझा वेळ सोडून. त्यातले निम्मे चाकं आणि बेअरिंगवर गेले, आणि तिथं काटकसर करू नये असंच म्हणेन. रंग मात्र मी महागातला घेतला आणि ते फुकट गेलं. प्राइमर नीट घासला नव्हता, तिसऱ्या डब्याचे पोपडे निघतायत.

अजून न जमलेलं म्हणजे डबे एकमेकांना जोडायचं कपलिंग. खऱ्या मीटरगेजला मधोमध धक्का झेलणारा एकच बफर आणि त्यावर आकडा असायचा. तसा पितळेचा करून बघितला. दिसतो अगदी तसाच, पण चढावर आपोआप सुटतो. सध्या जर्मन डब्याचा आकडा-कडीचा जोड लावलाय. आजीच्या अजून लक्षात आलेलं नाही. खिडक्यांचे गज मोजून झाले, आता ती दाराच्या दांड्या मोजतेय.