कोळंबीच्या बीजासोबत आलेला तो अहवाल

रायगड जिल्ह्यातील आमच्या खारजमिनीवर एकेक एकराची दोन तळी असून त्यांत आम्ही व्हनामी जातीची कोळंबी घेतो. मागच्या मोसमात आमची फसवणूक झाली ती बीजात, म्हणजे तळ्यात सोडायच्या कोळंबीच्या पिल्लांत. या धंद्यात नव्याने उतरणारे खाद्य आणि एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) यांची बारकाईने चौकशी करतात, बीजाचे कागद मात्र वरवर चाळतात, म्हणून सविस्तर सांगतो.

आमच्या नेहमीच्या हॅचरीत, म्हणजे बीज तयार करणाऱ्या केंद्रात, बीज शिल्लक नव्हते. एका मध्यस्थाने नोंदणीकृत हॅचरीचे म्हणून चार लाख बीज स्वस्तात देऊ केले आणि बीजात रोगजंतू आहेत का ते दाखवणाऱ्या पीसीआर तपासणीच्या अहवालाची झेरॉक्स हातात ठेवली. ‘‘शेठ, आता थांबलात तर मोसम जाईल,’’ असे तो वारंवार म्हणत होता. गाडी पहाटे तीनला आली आणि पिशव्या तळ्यात तरंगत ठेवून तापमान जुळवण्याच्या धांदलीत अहवालावरची तारीख मी पाहिलीच नाही. ती दोन महिन्यांपूर्वीची होती. अंड्यातून बाहेर पडल्यापासून तळ्यात सोडण्याजोगे बीज व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे त्या तारखेला आमचे बीज जन्मालाही आलेले नव्हते.

दीड महिना सारे सुरळीत वाटले. मग चेक ट्रेमध्ये (खाद्य किती संपले ते पाहण्यासाठी पाण्यात सोडलेल्या ताटलीत) खाद्य उरू लागले, एकाच ट्रेमध्ये बोटाएवढी आणि नखाएवढी कोळंबी शेजारी शेजारी दिसू लागली, आणि एका सकाळी वारा लागतो त्या कोपऱ्यात विष्ठेचे पांढरे दोरे तरंगताना आढळले. प्रयोगशाळेने ईएचपी असल्याचे सांगितले. या सूक्ष्म परजीवीने कोळंबी पटकन मरत नाही, पण तिची वाढ खुंटते, त्यामुळे आज ना उद्या वजन धरेल या आशेवर आपण खाद्य घालत राहतो. नव्वदाव्या दिवशी १८-२० ग्रॅमची अपेक्षा असताना आमची कोळंबी आठ ग्रॅमवर, म्हणजे किलोला सव्वाशे, अडकली होती.

मध्यस्थाने यावर प्रतिजैविक आणून देण्याची तयारी दाखवली. ईएचपीवर ते चालतच नाही, शिवाय क्लोरॅम्फेनिकॉलसारख्या बंदी असलेल्या औषधांचा अंश सापडला तर निर्यातीचा माल नाकारला जातो, आणि ते पाणी शेवटी ज्या खाडीत जाते तिथे आमच्याच गावची माणसे पाग टाकतात. मी ते घेतले नाही.

अहवालावर नाव असलेल्या हॅचरीला दूरध्वनी केला, तेव्हा हा माल त्यांचा नसल्याचे कळले. हा एक दूरध्वनी मी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी करायला हवा होता. हॅचरीची नोंदणी तटीय मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाच्या यादीत पडताळता येते, अहवालावरचा बॅच क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहता येते, आणि गाडी येण्याआधी मूठभर बीज मागवून स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासता येते. यासाठी लागणारा खर्च एका दिवसाच्या खाद्याहूनही कमी आहे.

आमची तळी सध्या कोरडी असून तळाला कळीचा चुना टाकला आहे, कारण या परजीवीचे बीजाणू चिखलात टिकून राहतात. तोच मध्यस्थ मागच्या आठवड्यात खाडीपलीकडच्या गावात बीजाचा भाव सांगून गेला आहे.