मीडिया वॉल: फोडणी घातली की हीटर बंद

मीडिया वॉल म्हणजे टीव्ही आणि खाली इलेक्ट्रिक फायरप्लेस बसवायला बैठकीत खास बांधलेली भिंत. त्या भिंतीबद्दल तक्रार नाही, हे आधी सांगून टाकतो. ६५ इंची टीव्ही खोबणीत चपखल बसलाय, एक वायर दिसत नाही, आणि येणारा प्रत्येक पाहुणा ‘कितीला पडलं?’ विचारतोच. (फायरप्लेस धरून, टीव्ही सोडून, २,६०० पौंडांच्या आत.) माझं भांडण आहे खालच्या इलेक्ट्रिक फायरप्लेसशी, आणि त्यातही तिच्या एकाच गुणाशी: ओपन विंडो सेन्सर.

इथे यूकेत २०१८ पासून खोलीतल्या इलेक्ट्रिक हीटरना ‘लॉट २०’ नावाचे ऊर्जाबचतीचे नियम लागू आहेत. ते पाळायचे म्हणून कंपन्या थर्मोस्टॅट, आठवड्याचा टायमर आणि हा सेन्सर आत घालतात. खोलीचं तापमान झपकन उतरलं की यंत्राला वाटतं खिडकी उघडी राहिली, आणि ते हीटर बंद करतं. कागदावर फार छान.

आता आमचं घर बघा. रेडिंगजवळची नवीन वसाहत, खाली स्वयंपाकघर आणि बैठक एकाच खोलीत. मोहरी तडतडली, हिंग-मिरची पडली की खिडकी उघडावीच लागते, नाहीतर स्मोक अलार्म घर डोक्यावर घेतो. खिडकी उघडली की गार हवा आत आणि हीटर बंद. बरं, एलईडीच्या दिखाऊ ज्वाळा तशाच नाचत राहतात, त्यामुळे कळतही नाही. समोर जाळ दिसतोय आणि पाय मात्र गारठलेत. या घरात आमटी होऊ द्यायची नाही असं अलार्मने आणि फायरप्लेसने मिळून ठरवलेलं दिसतंय.

सेन्सर बंद करता येतो. रिमोटवर एक बटण पाच सेकंद दाबून धरायचं, बीप वाजतं. पण फ्यूज्ड स्परचा, म्हणजे फायरप्लेसला वीज देणारा भिंतीवरचा स्विच बंद केला की सेटिंग पुसलं जातं, आणि मी रोज रात्री तो स्विच बंद करतो. बायकोचं म्हणणं, स्टँडबायला एक वॉट जातो, वर्षाचे सव्वादोन पौंड, ठेव की चालू. हिशेब तिचा बरोबर आहे. पण चालू राहिलेला लाल दिवा बघून मला झोप लागत नाही, त्याला काय करणार? पाच पौंडांच्या साध्या घड्याळाला सेटिंग लक्षात राहतं, मग यांच्या महागड्या यंत्राला का राहू नये?

पहिला महिना तर मी सगळ्यांना सांगत होतो की फायरप्लेस घेऊच नका. दोन किलोवॉटचा हीटर तासाला दोन युनिट खातो. विजेचं युनिट तेव्हा साधारण २६ पेन्स होतं, म्हणजे तासाचे ५२ पेन्स. गॅसचं युनिट सव्वासहा पेन्सच्या आसपास होतं. घर गरम करणारा गॅसचा बॉयलर चालू असताना हा हीटर लावणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

मग डिसेंबर आला. चारच्या सुमाराला दिवस मावळलेला, बाहेर चिखल आणि रिपरिप. साताऱ्याहून आई आली होती, ती शाल गुंडाळून संध्याकाळभर त्या ज्वाळांसमोर बसायची. हीटर बंद, नुसता एलईडीचा उजेड, त्याला वीज जवळपास नाहीच. टीव्हीवरची मालिका संपली तरी ‘ते राहू दे, बरं वाटतं’ म्हणायची. तेव्हापासून माझं मत बदललं: ज्वाळांसाठी घ्या, उष्णतेसाठी नको. नव्या घरांना सहसा शेकोटीची चिमणी नसते, खोलीत नजर टेकायला जागाच नसते, ती या ज्वाळांच्या पट्टीने मिळते.

जानेवारीत हीटरच्या आतल्या पंख्याने खडखड सुरू केली. दुकान म्हणालं, बसवणाऱ्याला विचारा. बसवणारा म्हणाला, दुकानाला विचारा. कस्टमर केअरच्या बाईंनी तर मला ‘भिंत फोडून फोटो पाठवा’ असं सुचवलं. शेवटी कंझ्युमर राइट्स अॅक्ट २०१५ काढला. पहिल्या सहा महिन्यांत दोष निघाला तर तो मुळातच होता असं धरलं जातं, आणि नव्हता हे दुकानाने सिद्ध करायचं असतं. शिवाय पैसे क्रेडिट कार्डाने भरले होते. शंभर पौंडांच्या वरची वस्तू असेल तर कंझ्युमर क्रेडिट अॅक्ट १९७४ च्या कलम ७५ खाली बँकही जबाबदार धरता येते. हे दोन्ही ईमेलमध्ये घातल्यावर चार दिवसांत मेकॅनिक दारात.

आणि इथे सुताराला दंडवत. त्याने फायरप्लेस गिलाव्यात गाडली नव्हती, पुढची पट्टी काढली की चार स्क्रू आणि पूर्ण युनिट बाहेर. मेकॅनिकने पंखा उघडून दाखवला, पात्यांवर गिलाव्याची पांढरी भुकटी पिठासारखी बसलेली. भिंत घासताना हीटरच्या हवेच्या झडपेवर टेप लावायचा असतो, तो गिलावावाल्याने लावला नव्हता. ‘मग हा दोष आमचा नाही’ म्हणून दुकानाने पुन्हा काखा वर केल्या, पण बेअरिंगही ढिलं निघालं आणि पंखा फुकटात बदलून मिळाला.

बांधणार असाल तर टीव्हीच्या मागे प्लॅस्टरबोर्डऐवजी (जिप्समच्या तक्त्याऐवजी) १८ मिलिमीटर प्लायवूड ठोकून घ्या, आणि जास्तीची एक रिकामी नळी आत सोडा, उद्या नवीन केबल ओढायला. खाली फायरप्लेस आली की टीव्ही वर सरकतो, सोफ्यावरून मान वर करून बघावं लागतं. आमच्या टीव्हीचा मध्य जमिनीपासून १३५ सेंटीमीटरवर आहे, मला चालतं, बायकोला नाही. गरम हवा वरून सोडणारं मॉडेल टाळा. आमचं खालून सोडतं, तासभर हीटर चालवून टीव्हीच्या खालच्या कडेला हात लावला तर कोमटसुद्धा नव्हती.

बदललेल्या पंख्याची वॉरंटी नव्याने धरायची की जुनीच, यावर दुकानाशी ईमेल अजून चालू आहेत. सेन्सरचं सेटिंग कायमचं टिकवायचा उपाय कुणाला सापडला असेल तर सांगा. ‘स्विच बंद करू नका’ हा सोडून.