दोन पावसाळे, एक पोलरायझर

संगमनेरात माझा छापखाना आहे. दिवाळीच्या पुढेमागे पतसंस्थांच्या दिनदर्शिका छापायला येतात आणि जुलैच्या पानावर धबधबा हवा, असं जवळपास प्रत्येक संस्था सांगते. तो फोटो मी विकत घेत नाही, स्वतः जाऊन काढतो. आमच्या गावातून वाहणारी प्रवरा वर रतनगडाजवळ उगम पावते. अकोले, राजूर करत शेंडीच्या फाट्यापर्यंत गेलं की पावसाळ्यात डोंगराच्या प्रत्येक घडीतून पाणी पडताना दिसतं. आपल्याच नदीचं पाणी जिथे पहिल्यांदा खाली उडी घेतं ते आपल्याच मशीनवर छापायचं, याचं मला फार अप्रूप आहे.

तीन वर्षांपूर्वीचं जुलैचं पान मात्र फसलं. पहिला ताव बाहेर आला आणि हिरव्या झाडीत पांढरे चट्टे दिसले. भिंग लावून पाहिलं, तर त्या जागी डॉटच नव्हता, म्हणजे छपाईतला शाईचा बारीक ठिपका, नुसता कोरा आर्ट पेपर. मशीनवरच्या पोराने सायन (छपाईतली निळी शाई) आणि पिवळा वाढवून बघितला. बाकीची झाडी काळपट झाली, चट्टे जागच्या जागी. दोष शाईचा नव्हताच. ओल्या पानांवर ढगाळ आभाळाचा पांढरा उजेड चकाकत होता, आणि जो रंग कॅमेऱ्यातच आला नाही तो मशीन कुठून आणणार?

त्या एका पानापायी मी मुंबईला फोर्टातल्या बोरा बझारमध्ये जाऊन ७७ मिलिमीटर व्यासाचा सर्क्युलर पोलरायझर घेतला, म्हणजे कॅमेऱ्याच्या भिंगापुढे लावायचा, फिरत्या कडीचा फिल्टर. ३,८०० रुपये पडले. आता त्याचे दोन पावसाळे पूर्ण झालेत, म्हणून हे लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही. यातले गुण कुठल्याही बऱ्या पोलरायझरचे आहेत, आणि माझ्या एका नगाच्या खोडीवरून कंपनीच्या साऱ्या मालाला बोल लावणं मला पटत नाही.

ओलं पान, ओला कातळ, डोहाचं पाणी यांच्यावरून तिरकी परतणारी चकाकी बरीचशी एकाच दिशेत कंप पावणारी असते. पोलरायझरची पुढची कडी फिरवली की एका ठिकाणी ती चकाकी अडते आणि खालचा खरा रंग वर येतो. हे काम नंतर कॉम्प्युटरवर होत नाही. फोटो गडद करता येतो, हिरवा भडक करता येतो, पण चकाकीखाली दबलेलं पान काढता येत नाही. धातूच्या चकाकीवर याचा काही उपयोग नाही. आपल्या डोंगरात धातू नाही, हे बरं.

पहिली खरी परीक्षा रतनवाडीला झाली. अमृतेश्वराच्या देवळाच्या अलीकडे गाडी लावली. वाडीतलेच एक मामा वाट दाखवायला सोबत आले. भाताच्या आवणीचे दिवस होते. सकाळभर खाचरात वाकून आलेले, पोटऱ्यांपर्यंत चिखल सुकलेला, हातात लांब दांड्याची काळी छत्री. देवळामागच्या ओढ्याने पाऊण तास चढलो तेव्हा कड्यावरून तीन टप्प्यांत उतरणारी धार समोर आली. मी ट्रायपॉड लावला आणि मामा न सांगताच छत्री कॅमेऱ्यावर धरून उभे राहिले.

ऐन धारेसमोर उभं राहून कडी फिरवली, तर फारसा फरक दिसेना. पैसे पाण्यात गेले, असं मनात येऊन गेलं. मग चारेक पावलं डावीकडे सरकून तिरक्या कोनातून बघितलं आणि कडी हळूहळू फिरवत नेली. आधी कातळ बदलला. जो नुसता पांढरट, तेल लावल्यासारखा चमकत होता, तो काळा पडला. त्या काळ्यात तांबूस पट्टा दिसला, शेवाळाचे दोन वेगवेगळे हिरवे दिसले, दगडातली बारीक पांढरी भोकं दिसली. मग पानं भरली. चकाकी समोरून फारशी अडत नाही, पृष्ठभागाकडे तिरकं बघितलं तरच अडते, हे मी वाचलं होतं. कळलं ते त्या चार पावलांत.

मामांनी विचारलं, "काय फिरवताय दादा मघापासून?"

फिल्टर काढून त्यांच्या हातात दिला. एक डोळा मिटून त्यांनी तो धारेकडे धरला, फिरवला, पुन्हा फिरवला. म्हणाले, "पानांवरचं पाणी कुणी पुसल्यावानी झालं की ओ!" हा फिल्टर काय करतो असं मला कुणी विचारलं तर आता मी हेच वाक्य सांगतो.

दुसरा फायदा प्रकाश खाण्याचा. हा फिल्टर दीड ते दोन स्टॉप उजेड कमी करतो; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. एरवी ही खोट समजतात, पण धबधब्याला तीच हवी असते. रतनवाडीला कॅमेऱ्याच्या त्याच सेटिंगला (आयएसओ १००, एफ ११) फिल्टरशिवाय शटर १/१५ सेकंद उघडं राहत होतं, पोलरायझरने ते १/४ वर आलं. धार वाहतीही दिसते आणि तिचे धागेही सुटे राहतात. लोक यासाठी नुसता उजेड कमी करणारे जाड काळे एनडी फिल्टर लावून दहा-दहा सेकंदांचे फोटो काढतात. माझ्या मते त्यात पाण्याचा पिंजलेला कापूस होतो. कड्यावरून पडणाऱ्या पाण्याला जोर असतो, तो कागदावर दिसला पाहिजे. १/४ ते १/२ सेकंदात तो दिसतो. छापणाऱ्याच्या नजरेने आणखी एक: धारेच्या सर्वांत पांढऱ्या भागातसुद्धा मला दोन-तीन टक्के डॉट हवा असतो, नाहीतर तिथे कागद उघडा पडतो. म्हणून मी एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खालीच ठेवतो.

त्या दिवशी पंधराएक फोटो झाले असतील. मामांचं लक्ष कॅमेऱ्याकडे नव्हतंच, ते पायाशी ओढ्याकडे बघत होते. एकदम म्हणाले, "आवरा. पाणी लाल झालं." आमच्या डोक्यावर पाऊस थांबलेला होता. पण मघाचं नितळ पाणी गढूळ झालं होतं आणि सोबत पालापाचोळा, काटक्या यायला लागल्या होत्या. म्हणजे वर कड्याच्या माथ्यावर जोरात झालेला. आम्ही काठ सोडून वर झाडीत चढलो. दहा-बारा मिनिटांत मी ट्रायपॉड लावला होता तो दगड पाण्याखाली गेला. त्या वेळी माझ्याकडे तीन फिल्टर असते आणि प्रवाहात उभा राहून मी ते अदलाबदल करत बसलो असतो, तर काय झालं असतं याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. ओढ्यात जाताना भिंगावर एकच फिल्टर आणि सोबत वाडीतला माणूस, हे तेव्हापासून ठरून गेलं. मामांना दिवसाचे पैसे द्यावेत आणि त्यांच्या घरी जेवावं. नाचणीची भाकरी आणि खुरासणीची चटणी यांच्यासाठी वेगळं परीक्षण लिहावं लागेल.

आणखी एक गंमत घाटघरच्या रस्त्यावर सापडली. ऑगस्टात सकाळी साडेआठच्या सुमारास ढग फाटले, पाठीमागून ऊन आलं आणि रस्त्याकडेच्या धबधब्याच्या तुषारांत इंद्रधनुष्य उमटलं. सवयीने पानांची चकाकी मारायला कडी फिरवली आणि इंद्रधनुष्यच गेलं! पुसून टाकल्यासारखं गेलं. पाव फेरा पुढे नेल्यावर परत आलं, आणि आधीपेक्षा गडद आलं. इंद्रधनुष्याचा प्रकाशही असाच एका दिशेत कंप पावणारा असतो, म्हणून फिल्टर त्याला वाटेल तसा अडवतो किंवा पुढे आणतो. सोबत माझी भाची होती, सातवीतली. अर्धा तास तिने कॅमेरा सोडला नाही. नुसतं इंद्रधनुष्य घालवायचं आणि आणायचं. १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, त्याखालचा अम्ब्रेला फॉल, रंधा धबधबा, हे सगळं त्या दिवशी दाखवलं तिला. घरी येऊन आईला सांगितलं ते फक्त कडी फिरवल्याचं.

आता खोडी. पहिल्या पावसाळ्याच्या शेवटी कडी जड झाली. कड्याखालच्या तुषारांत बारीक माती असते, ती दोन कड्यांच्या फटीत जाऊन बसली. कडी फिरवायला जावं तर अख्खा फिल्टरच भिंगावरून सुटायला लागायचा. आता रोज घरी आल्यावर तो साध्या पाण्याखाली धरून फिरवतो, फडक्यावर पालथा ठेवून पंख्याखाली वाळवतो. कडीवर एक रुंद रबरबँड चढवला आहे, त्यामुळे ओल्या बोटांनाही पकड मिळते. आणि नेहमी आवळण्याच्या दिशेनेच फिरवतो, म्हणजे सुटून डोहात पडायची भीती नाही.

पाणी झटकणारं कोटिंग पहिल्या वर्षी छान होतं, थेंब ओघळून जायचे. ते माझ्याच चुकीने गेलं. सुती रुमालाने पुसत राहिलो. मायक्रोफायबरचं कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडं ठेवायला हवं, आणि एक नाही, चार. पावसात एक कापड फार तर वीस मिनिटं टिकतं. १६ मिलिमीटर फोकल लेंग्थच्या, रुंद दृश्य घेणाऱ्या भिंगावर कडीच्या जाडीमुळे फोटोचे कोपरे काळवंडतात. २० च्या पुढे त्रास नाही. तुमची भिंगं वेगवेगळ्या मापांची असतील तर सर्वांत मोठ्या मापाचा एकच फिल्टर घ्या आणि बाकीच्यांना स्टेप-अप रिंग (लहान भिंगावर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावा, त्या स्वस्त मिळतात. अगदी हलका, पाच-सातशेचा फिल्टर घेऊ नका. याआधी माझ्याकडे तसा एक होता. एका पावसाळ्यात त्याच्या दोन काचांमधल्या पापुद्र्यात कडेने ओल शिरली आणि फोटोत धुकं दिसायला लागलं.

मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांनीही सुटा फिल्टर भिंगापुढे हाताने धरून बघावा, फरक तितकाच दिसतो. फक्त धबधबा समोरून, मध्यभागी, सरळच हवा असा हट्ट असेल तर याच्यावर पैसे घालू नका.

यंदाचं जुलैचं पान रतनवाडीचं आहे, त्याच तीन टप्प्यांच्या धारेचं. पहिला ताव आला तेव्हा भिंग घेऊन मी आधी पानांवर गेलो. सगळीकडे डॉट होता. एक प्रत गुंडाळी करून मामांना नेऊन दिली, त्यांनी ती दारामागे खिळ्याला लावली आहे.